शिटी नसलेला कुकर

कुकरची शिटी अडकली तर आपण काय करतो? गॅस बंद करतो, पोरांना ओट्यापासून लांब पिटाळतो आणि कुकर निवेपर्यंत त्याला हात लावत नाही. हे कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. आईचं बघून आलं.

आणि फोनची बॅटरी फुगली तर? अंगठ्यानं दाबून बघतो.

दोन्हीकडे दुखणं एकच. आत वायू कोंडलाय आणि त्याला बाहेर यायचंय. कुकरमधून वाफ निघते. बॅटरीतून जे निघतं ते पेटतं, श्वासात गेलं तर गुदमरवतं आणि बंद खोलीत साठलं तर दारंखिडक्या उडवतं.

तरी धास्ती कुकरचीच.

गेल्या महिन्यात माझ्या फोनची पाठ एका बाजूनं उचलली गेली. नख जाईल इतकी फट. नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. चार बाय सहाचा गाळा, डोक्यावर पंखा, शटर अर्धं खाली. पोरगं हुशार, हात चपळ. त्यानं गरम हवेच्या मशीननं कडा शेकल्या, पाठ सोडवली. आतली बॅटरी तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म झाली होती.

"काका, नवी कशाला घालताय? गॅस काढून देतो, बसेल परत." असं म्हणून त्यानं टाचणी उचलली.

मी त्याचा हात धरला. अक्षरशः मनगट धरलं.

टाचणीनं नुसता गॅस निघत नाही. आत दोन पातळ पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पडदा. पट्ट्या एकमेकींना टेकू नयेत, एवढंच त्या पडद्याचं काम. टाचणी पिशवीसोबत तो पडदाही भोसकते. पट्ट्या टेकल्या की शॉर्ट, शॉर्ट झाला की जाळ. आणि त्या जाळापासून वीतभर अंतरावर कोण? वाकून बघणारं ते पोरगं.

"आठवड्याला दोन-तीन करतो काका. अजून काही झालं नाही."

"जुन्या कुठं ठेवतोस?" मी विचारलं. त्यानं ड्रॉवर ओढला. दहा-बारा फुगलेल्या बॅटऱ्या एकीवर एक पडलेल्या, त्यांत दोन स्क्रूड्रायव्हर आणि सुट्टी नाणी. ड्रॉवर उघडल्या उघडल्या गोडसर, उग्र वास नाकात शिरला. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा.

म्हणजे त्यातली एखादी आधीच उसवली होती.

त्या पोराला दोष देऊ? त्याला सांगितलं कुणी? फोन विकणाऱ्यानं? सुटे भाग पुरवणाऱ्यानं? दिवसाचे दहा-बारा तास तो त्या ड्रॉवरला पोट टेकवून बसतो. त्याच्या पोटाची काळजी कुणाच्या यादीत आहे?

आता थोडं आत डोकावू. लिथियम-आयन सेलमध्ये द्रव असतो, पण तो पाणी नव्हे. ते ज्वलनशील द्रावक असतात, त्यात लिथियमचं मीठ विरघळवलेलं. सेल तापला की साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान आतल्या ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर मोडायला लागतो. मोडताना तो आणखी उष्णता सोडतो. १३० अंशांच्या आसपास पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो.

कुकरमध्ये तुमची डाळ साधारण १२० अंशांवर शिजते.

म्हणजे डाळ शिजण्यात आणि पडदा वितळण्यात जेमतेम दहा अंशांचं अंतर. पुढं उष्णताच उष्णतेला जन्म देते. याला थर्मल रनअवे म्हणतात. प्लग काढा, मेन स्विच पाडा, काही उपयोग नाही. सेलला आता बाहेरच्या विजेची गरज उरलेली नसते.

या झटापटीत वायू तयार होतात. हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, इथिलीन, सोबत त्या द्रावकाची वाफ. आणि आतल्या मिठातून निघणारा हायड्रोजन फ्लोराइड. तो ओलाव्यात मिसळला की हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं. ओलावा कुठं असतो? तुमच्या डोळ्यांत, घशात, फुप्फुसांत.

स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दुर्गंधी घातलेली असते, गळती नाकाला कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

वायू निघून निघून निघणार किती? लॅपटॉपमध्ये, पॉवर बँकेत, जुन्या ई-बाइकमध्ये जो गोल सेल असतो, त्याला धंद्यात '१८६५०' म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. आकारमानात खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे. तो बिघडला, तर त्यातून काही लिटर वायू बाहेर पडतो.

तीन चमच्यांतून काही लिटर. आणि स्कूटरच्या पॅकमध्ये असे सेल शे-दोनशे.

हा सेल हातात घेऊन त्याचं डोकं बघा. प्लसच्या टोपीला कडेनं छोट्या छोट्या फटी दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. टोपीखाली एक पातळ चकती असते. आतला दाब वाढला की ती आधी उलटते आणि वीज तोडते. तरी दाब चढतच राहिला, तर चकती मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या रेघेवर फाटते आणि वायू फटींतून बाहेर येतो. कुकरला वर शिटी आणि बाजूला सेफ्टी व्हॉल्व असतो ना? तसंच.

१९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. या सगळ्या विद्वत्तेचा शेवटचा राखणदार कोण, तर ती फाटणारी चकती.

आणि तिच्यावर आपण डिंक ओततो.

जुन्या लॅपटॉपचे सेल काढून नवे पॅक बांधणारे गाळे प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. सेल उभे करायचे, निकेलची पट्टी मारायची, हलू नयेत म्हणून गरम गोंद सोडायचा, वरून चिकटपट्टी आणि त्यावर निळं प्लास्टिक आवळायचं. पॅक दगडासारखा घट्ट होतो. गिऱ्हाईक हातात घेऊन खूश.

चकतीसमोर गोंदाचा थर आला, तर फाटून ती वायू सोडणार कुठं?

मग वायू स्वतःच वाट काढतो, जिथं कवच नाजूक असेल तिथून. शेजारच्या सेलच्या अंगावर, बहुतेक वेळा. तो तापतो, मग त्याच्या शेजारचा. ही साखळी तोडायला सेलांमध्ये अंतर लागतं, आणि बाजारात आवड आहे घट्ट, आटोपशीर पॅकची.

फोनच्या बॅटरीला तर ती चकतीही नसते. ती नुसती चांदीच्या रंगाची पिशवी. म्हणून ती फुगते. फुगणं हीच तिची शिटी. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.

इथं एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. बिघडलेल्या बॅटरीतून वायू निघणं हा अपघात नाही, ती सुटका आहे. तो निघालाच पाहिजे. न निघाला तर सेल बॉम्बसारखा फुटेल. प्रश्न एवढाच, की बाहेर पडल्यावर तो जाणार कुठं?

हा प्रश्न अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या सरप्राइज गावात कुणी विचारला नव्हता.

१९ एप्रिल २०१९. वीज कंपनीचं बॅटरी साठवण केंद्र, मॅकमिकन नावाचं. २ मेगावॉट-तासांची क्षमता, कंटेनरसारखी बंदिस्त वास्तू. संध्याकाळी पाचच्या सुमारास आत एक सेल बिघडला आणि त्याच्यामागोमाग त्या रॅकमधले इतर. आग विझवणारी यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालू झाली, तिनं आपला विझवणारा वायू सोडला. सगळं आराखड्याबरहुकूम.

पण ती यंत्रणा साध्या आगीसाठी होती. सेलांच्या आत चाललेली साखळी तिला थांबवता येणार नव्हती. ज्वाळा नसल्या तरी सेल वायू ओकत राहिले. आणि त्या खोलीतून तो बाहेर काढायची सोयच केलेली नव्हती. ना पंखा, ना झडप, ना छताला उघडणारी फळी.

तीन तास तो वायू आत साठत होता. बाहेर अग्निशमन दलाचे जवान आले, मोजमापं घेतली, पांढरट धूर जमिनीलगत सरकताना बघितला, थांबले. आत नक्की काय चाललंय हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. रात्री आठच्या सुमारास दार उघडलं.

दारासोबत ताजी हवा आत गेली. काही मिनिटांचा खेळ.

चार जवान गंभीर जखमी झाले. स्फोटानं माणसं लांब भिरकावली गेली. ते सगळे प्रशिक्षित होते, अंगावर पूर्ण संरक्षक पोशाख होता, तोंडाला मास्क होते. ज्या वायूसमोर ते उभे होते त्याला बाहेर यायला दाराशिवाय दुसरी वाट ठेवलेली नव्हती, आणि ते दार उघडायची पाळी त्यांच्यावर आली.

अगदी हीच चूक आपल्या कुठल्या गोदामात, कुठल्या तळघरात होणार नाही, अशी खात्री कोण देईल? मला तरी कुणी दिलेली नाही.

"आमची बॅटरी एलएफपी आहे, ती पेटत नाही." हे वाक्य हल्ली प्रत्येक शोरूममध्ये ऐकू येतं. अर्धं खरं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल उशिरा भडकतो, वायूही कमी सोडतो. पण त्या वायूत हायड्रोजनचा वाटा मोठा असतो. आणि सेल स्वतः पेटत नाही म्हणजे तो वायू जळून संपत नाही. साठतो.

१६ एप्रिल २०२१ रोजी बीजिंगच्या फेंगताई भागात एका साठवण केंद्रात स्फोट झाला. बॅटऱ्या याच जातीच्या. आग विझवायला गेलेले दोन जवान परतले नाहीत.

बाहेरची वाट आधीच ठेवली तर काय होतं? त्याचंही उदाहरण आहे, आणि ते आकाशातलं आहे.

जानेवारी २०१३. बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ 'ड्रीमलायनर' विमानात बॅटरी पेटली. नऊ दिवसांनी जपानमध्ये त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाला बॅटरीच्या धुरामुळे ताकामात्सूला तातडीनं उतरावं लागलं, प्रवासी घसरगुंडीवरून उतरले. जगभरातली सगळी ड्रीमलायनर जमिनीवर आली. एअर इंडियाची सहाही.

इंजिनिअरांनी खूप शोधलं. पहिली ठिणगी नेमकी कशानं पडली हे तेव्हा हाती लागलं नाही. मग त्यांनी काय केलं? सेलांमधलं अंतर आणि आवरण सुधारलं, बॅटरी पोलादी पेटीत बंद केली आणि त्या पेटीतून एक नळी थेट विमानाच्या बाहेर काढली. पुन्हा बिघडलीच, तर वायू प्रवाशांकडे न येता आभाळात जाईल.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये या दुरुस्तीला मंजुरी मिळाली आणि विमानं परत उडाली.

किती साधी गोष्ट! बिघाड होणारच नाही, अशी छाती कुणी ठोकली नाही. होईल असं धरलं आणि नळी काढली. या एका नळीत जेवढा शहाणपणा आहे, तेवढा आपल्या कित्येक जाहिरातींत मिळून नाही.

आपल्याकडे नियम नाहीत, असं म्हणून हात झटकू नका. नियम आहेत आणि चांगले आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात एकामागून एक स्कूटरी पेटल्या. मार्चमध्ये पुण्यात लोहगावला भर रस्त्यात एक पेटली, तिचा व्हिडिओ देशभर फिरला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये चढवलेल्या नव्या स्कूटरी एकापाठोपाठ जळाल्या. केंद्रानं तज्ज्ञांची समिती बसवली आणि 'एआयएस-१५६' या मानकात दुरुस्त्या झाल्या. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून.

त्यात काय आहे? पॅकला दाब सोडणारा व्हॉल्व हवा. सेलांमध्ये पुरेसं अंतर हवं. एक सेल भडकला तर आग पुढं पसरते का, याची चाचणी हवी. धोक्याची सूचना दिसेल आणि ऐकू येईल अशी हवी. सेल कधीचा, कुणाचा, याची नोंद हवी. ही मानकं छापून निघतात पुण्यातल्या कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेतून. मानक आपल्या दाराशी जन्मतं.

पण मानक लागू होतं नव्या गाडीला. तिच्याआधी रस्त्यावर आलेल्या गाड्यांचं काय? गोंद ओतून पुन्हा बांधलेल्या पॅकचं काय? कमी वेगाच्या, ज्यांना नंबर प्लेट लागत नाही, लायसन्स लागत नाही, त्या स्कूटरींचे पॅक वर्षभरात कुठल्या गाळ्यात जाऊन येतात, कुणी विचारतं?

आणि समजा पॅकला उत्तम व्हॉल्व आहे. अव्वल दर्जाचा, तपासलेला. तो व्हॉल्व वायू बाहेर सोडणार. बाहेर म्हणजे कुठं?

तुमच्या हॉलमध्ये.

कारण खाली पार्किंगमध्ये प्लग नाही. म्हणून माणूस स्कूटरची बॅटरी खांद्याला लावून तिसऱ्या मजल्यावर नेतो, सोफ्याशेजारी चार्जिंगला लावतो आणि झोपतो. एसी चालू, म्हणून खिडक्या बंद. ज्या नळीनं ड्रीमलायनर वाचवलं ती इथं आहे, फक्त तिचं दुसरं टोक आपल्याच खोलीत सोडलंय.

मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला चार्जिंगला लावलेली स्कूटर रात्री पेटली. बाप आणि लेक गेले. जाळानं नाही, धुरानं गुदमरून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. ज्या खोलीत बॅटरी होती, त्याच खोलीत तो झोपला होता.

सात वर्षांचा.

आणि सिकंदराबाद. १२ सप्टेंबर २०२२ ची रात्र. खाली ई-स्कूटरचं शोरूम, वर हॉटेल. खाली स्कूटरी पेटल्या आणि धूर जिन्यानं वर चढला. जो जिना माणसांनी उतरायचा, तोच धुरांडं झाला. आठ माणसं गेली.

आता तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली बघून या. आत्ता. वाचणं नंतर होईल.

काय आहे तिथं? मीटरची पेटी. बंद सायकली. कुणाच्या तरी जुन्या गाद्यांचा गठ्ठा. इन्व्हर्टरची बॅटरी. आणि एक एक्स्टेंशन बोर्ड, ज्यावर कुणाची तरी स्कूटर रात्रभर चार्ज होते. वर जायला हाच रस्ता, खाली यायला हाच.

इन्व्हर्टरची शिशाची बॅटरीही चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. म्हणून तिच्या झाकणांना भोकं असतात आणि ती हवेशीर जागी ठेवा म्हणून पत्रकात छापलेलं असतं. ते पत्रक कुठं आहे? तिच्याच खाली, डिस्टिल्ड वॉटरचे डाग पडू नयेत म्हणून अंथरलेलं.

कुणी म्हणेल, एवढी भीती कशाला? लाखो बॅटऱ्या रोज सुखरूप चालतात. चालतात, मान्य. लाखो सिलिंडरही चालतात. तरी आपण सिलिंडर जिन्यात ठेवत नाही, गॅसचा वास आला तर दिवा लावत नाही, खिडकी उघडतो आणि माणसं बाहेर काढतो. हे शहाणपण दोन पिढ्यांत घराघरांत पोहोचलं. बॅटरीसाठी आणखी दोन पिढ्या थांबायचं का?

तर गॅसच्या वासाला जसं प्रत्येकाला माहीत आहे काय करायचं, तसं हे माहीत करून घ्या. बॅटरीतून फसफस, सू-सू असा आवाज आला किंवा पांढरा धूर निघाला, तर तो धूर पाण्याची वाफ नव्हे. त्यात द्रावकाची बारीक थेंबांची वाफ असते, ती जड असते, जमिनीलगत पसरते. हायड्रोजन हलका, तो छताला जातो. म्हणजे वर धोका आणि खाली धोका. मधल्या माणसानं काय करायचं?

बाहेर पडायचं. बॅटरी उचलून गॅलरीत न्यायची शूरगिरी करायची नाही. व्हिडिओ काढायचा नाही. ओला टॉवेल टाकून झाकायची नाही. म्हाताऱ्यांना, पोरांना घेऊन निघायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. फोनवर पहिलं वाक्य, "लिथियमची बॅटरी आहे." नुसतं "आग लागलीय" म्हटलं तर येणाऱ्या जवानांना अर्धीच गोष्ट कळते. ॲरिझोनात काय झालं ते वर सांगितलंच.

विझली असं वाटलं तरी परत आत जायचं नाही. अशी बॅटरी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा भडकते. भरपूर पाणी मारून तिला गार करावं लागतं आणि ते काम बंबवाल्यांचं. भिंतीवरच्या लाल सिलिंडरमधली पावडर ज्वाळा दाबते, सेल गार करत नाही.

फुगलेली बॅटरी असेल तर? चार्जिंग बंद, दाबणं बंद, टाचणी तर नाहीच. पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर, उघड्या हवेत ठेवायची आणि परत करायची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. दुकानदार "आम्ही घेत नाही" म्हणाला, तर त्याला हे ठणकावून सांगायचं. घंटागाडीत टाकली तर ती पुढं चेपली जाणार, आणि गाडीवर उभा असलेला माणूस कुणाचा तरी बाप असतो.

आमच्या सोसायटीत हा विषय मी तीन बैठकांत मांडला. पहिल्या बैठकीत पाण्याच्या टाकीचं गळणं निघालं. दुसरीत गणपतीची वर्गणी. तिसरीत सेक्रेटरी म्हणाले, "मग त्या पोराला सांगू, गाडी लावू नको म्हणून."

ते पोरगं म्हणजे दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारा, घरोघरी जेवण पोहोचवणारा मुलगा. जिन्याखालचा बोर्ड त्याचा. रात्री बाराला येतो, सकाळी सातला निघतो. त्या सात तासांत गाडी चार्ज झाली नाही तर दुसऱ्या दिवशीची कमाई नाही. त्याला "लावू नको" म्हणणं म्हणजे काय? बॅटरी जिन्यातून उचलून त्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाठवणं. तिथं त्याची बायको आहे, दोन वर्षांची मुलगी आहे. धोका जिन्यातून हलला, पण गेला कुठं? त्या मुलीच्या उशाशी.

हे मी बैठकीत मोठ्यानं बोललो. आवाज चढला माझा. चढायलाच हवा होता.

मागच्या कंपाउंडच्या भिंतीला, पार्किंगपासून सुटी, वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी मोकळी अशी जागा होती. तिथं जुन्या कुंड्या पडल्या होत्या. कुंड्या हलवल्या. वायरमन बोलावला. वेगळी लाइन, वेगळा मीटर, अर्थिंग, एमसीबी. मध्ये एका रविवारी काम अडकलं, कारण कुणाच्या तरी तुळशीच्या कुंडीला हात लावायला नकार होता. ती तुळस आता गच्चीवर आहे, बरी वाढते आहे.

परवा रात्री साडेबाराला मी खिडकीतून बघितलं. तो मुलगा गाडी घेऊन आला, सवयीनं जिन्याकडे वळला, थांबला, आणि गाडी मागं भिंतीकडे घेऊन गेला. पत्र्याखाली लावली, पिन घातली, हिरवा दिवा लागला. तिन्ही बाजूंना मोकळी हवा. सकाळी जिना उतरताना मी खाली बघितलं. एक्स्टेंशन बोर्ड काढून नेलेला. भिंतीत त्याच्या दोन स्क्रूंची भोकं आणि बोर्डाच्या आकाराचा काळपट डाग.

तो डाग धुळीचा नव्हता. बोट फिरवून बघितलं. भिंत भाजलेली होती.